माणिकची न पोचलेली दुरुस्ती

मी सत्तावीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातला एकही पुण्याच्या पुढं गेला नाही. संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सॉफ्टवेअरवाल्यांचं आयुष्य म्हणजे परदेश, विमानं, रुबाब. त्यातल्या गमतीजमती लिहा." मी म्हटलं, "अहो, माझं विमान म्हणजे बारामती-इंदापूर एसटी. आणि तेही अंथुर्ण्याच्या स्टँडवर चहाला थांबायचं." ते हसले आणि म्हणाले, मग तेच लिहा. गमतीजमती आहेत, नाहीत असं नाही. पण लिहायला बसलो की हात एकाच गोष्टीकडं जातोय, आणि ती गमतीची नाही. आधी थोडी गंमत सांगतो, म्हणजे तुम्ही मधेच अंक मिटणार नाही.

बारामतीत भिगवण रोडला, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. पाच माणसं, पाच कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात एक सर्व्हर. त्या पाचांत मी साहेब. गिऱ्हाईक म्हणजे दूध संस्था, पाणी संस्था आणि इंदापूर तालुक्यातला एक साखर कारखाना. कारखान्याचं नाव सांगत नाही. पुढं जे झालं त्यात चूक त्यांची नव्हती, आमची होती.

एकदा एका दूध संस्थेचा सेक्रेटरी फोनवर म्हणाला, "सायेब, कॉम्प्युटर बंद पडलाय. खंडेनवमीला पूजा केल्यापासनंच बंद हाय. देवाला पटलं न्हाय का काय?" मी एसटीनं तिथं गेलो, कॉम्प्युटरचा डबा उघडला, तर पंख्यात मूठभर अक्षता. मी म्हटलं, "देवाला पटलंय, पंख्याला पटलं नाही." पुढच्या वर्षी त्यांनी पूजा टीव्हीएवढ्या पडद्याची केली आणि डब्याला नुसता लांबून नमस्कार घातला.

दुसऱ्या एका संस्थेच्या चेअरमन आबांनी माझ्याकडं हट्टच धरला. "ते ओके काढा आन् तितं व्हय टाका. आमचा क्लार्क ओके दाबायला भितो." मी टाकलं. तो क्लार्क मग प्रत्येक प्रश्नाला बिनधास्त ‘व्हय’ दाबायला लागला. एक दिवस मशीननं विचारलं, मागच्या महिन्याची माहिती पुसू का? त्यानं व्हय दाबलं. आम्ही ती परत आणली, पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. समोर जे आधीच निवडून ठेवलेलं असतं, माणूस तेच दाबतो. वाचत बसत नाही. क्लार्कला हसायला मला काय जातंय? पुढं मी स्वतः तेच केलं, आणि माझ्या पदरात तर चांगली इंजिनिअरिंगची पदवी होती.

आता आमच्या धंद्यातली एक वस्तू समजावून सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यावरून घडलं. गावाकडच्या माणसाला ती शहरातल्या माणसाच्या आधी कळते. सातबाऱ्यावर काही बदलायचं झालं तर तलाठी फेरफार घालतो. कुणी, कधी, कशामुळं बदल केला त्याची नोंद राहते. जुनं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. पन्नास वर्षांनी कुणी भांडायला उभा राहिला तरी मागचं सगळं वाचता येतं. प्रोग्रॅमचंही तसंच. पाच जण एकाच प्रोग्रॅमवर काम करतात, तेव्हा कुणी कुठली ओळ बदलली याचा फेरफार ठेवणारं एक सॉफ्टवेअर असतं. जगभर वापरतात. त्याचंही नाव मी घेत नाही, त्या बिचाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं.

कारखान्याच्या प्रोग्रॅमच्या आम्ही दोन प्रती ठेवायचो. एकीचं नाव ‘हंगाम’, ती चालू प्रत. दुसरीचं नाव ‘दुरुस्ती’, तिच्यात चुका सुधारायच्या. माणूस आपल्या कॉम्प्युटरवर एका प्रतीतून दुसरीत जात-येत काम करायचा आणि शेवटी ‘पाठव’ अशी आज्ञा द्यायचा. मग ते काम सर्व्हरवर जायचं. तिथून मी उचलायचो, एकत्र करायचो आणि कारखान्यात जाऊन बसवायचो. आमच्या ऑफिसचा रिवाज असा होता की संध्याकाळी सहाला टेबल आवरताना प्रत्येकानं एकदाच ‘पाठव’ म्हणायचं. तुम्ही कुठल्याही प्रतीत असा, दोन्हींतलं सगळं एका दमात जायचं. हा रिवाज मीच पाडला होता. सोपा होता आणि सात वर्षं बिनबोभाट चालला.

त्या पाचांत एक माणिक. अंथुर्ण्याचा. आधी तो कारखान्यात चिटबॉय होता, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याची चिठ्ठी शेतकऱ्याला आणि टोळीच्या मुकादमाला नेऊन देणारा. मोटारसायकलवर गावोगाव फिरता फिरता बाहेरून बी.ए. केलं, मग इंदापुरात कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि एक दिवस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुमच्या यादीत चुका असत्यात साहेब. त्या मला कळत्यात. तेवढ्यासाठी तरी ठेवून घ्या." मी ठेवून घेतला. वयानं तिशीच्या पुढचा, इंग्रजी अडखळत, पण उसाचं असं ज्ञान आमच्यात कुणालाच नव्हतं. आम्ही चौघे उसाचा रस तेवढा ओळखायचो.

माणिकचे वडील तो लहान असताना गेले. चुलत्यानं वाढवला. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. एसटी अंथुर्ण्याला थांबली की कधीकधी ते स्टँडवर भेटायचे. "सायेब, आमचं प्वार नीट काम करतंय न्हवं? चुकलं तर कान धरा, तुमाला मुभा हाय." तात्यांची ख्याती अशी की पिठाच्या गिरणीतसुद्धा आपला डबा पुढं सरकवू द्यायचे नाहीत. कुणी मानानं पुढं बोलावलं तरी म्हणायचे, "नंबर आल्यावर." अशा माणसाच्या घरात माणिक वाढला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

तर तो हंगाम. गाळप सुरू व्हायला महिना असेल. त्या वर्षी आम्ही तोडणीच्या यादीचा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला होता. नियम साधा, ज्याच्या उसाचं वय जास्त त्याची तोड आधी. एक दिवस माणिक माझ्या केबिनमध्ये आला. "साहेब, खोडव्याची तारीख चुकतीया." लागणीचा ऊस तोडला की बुडख्यातून पुन्हा फुटतो, तो खोडवा. त्याचं वय मागच्या तोडीपासून मोजायचं. आमचा नवा प्रोग्रॅम ते मूळ लागणीपासून मोजत होता. म्हणजे दहा महिन्यांचा खोडवा कागदावर अडीच वर्षांचा होऊन रांगेत सगळ्यांच्या पुढं जाऊन बसणार. मी म्हटलं, "शाब्बास. दुरुस्त कर आणि पाठव." तिसऱ्या दिवशी मी कारखान्यात निघालो होतो, तेव्हा जिन्यातून ओरडून विचारलं, "माणिक, खोडव्याचं गेलं का?" तो म्हणाला, "काल संध्याकाळीच पाठवलंय, साहेब."

मी उघडून बघितलं नाही. सर्व्हरवर जे होतं ते उचललं आणि नेऊन बसवलं.

आता त्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट सांगायला हवी. ते फेरफारवालं सॉफ्टवेअर वर्षभरापासून एक सूचना दाखवत होतं. रोज संध्याकाळी ‘पाठव’ म्हटलं की सात-आठ ओळी इंग्रजी यायचं. माणिकनं एकदा मला हाक मारून विचारलंही, "साहेब, हे काय म्हणतंय? रोज तेच तेच म्हणतंय." मी त्याच्या खुर्चीमागं उभा राहून पहिली ओळ वाचली, अर्धीच, आणि म्हटलं, "बडबड आहे. खाली जा." त्याला इंग्रजी जड जायचं म्हणून त्यानं मला विचारलं होतं. मला इंग्रजी यायचं, म्हणून मी वाचलं नाही.

त्या ओळींत लिहिलं होतं की ‘पाठव’ या आज्ञेचा अर्थ पुढच्या आवृत्तीत बदलणार आहे. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर आजवर सगळ्या प्रती जात होत्या. इथून पुढं तुम्ही ज्या प्रतीत असाल तेवढीच जाईल. जुनंच हवं असेल तर तसं आत्ताच सांगून ठेवा. टपरीवर आपण नुसतं ‘चहा’ म्हणतो, तो साखरेचाच येतो, बिनसाखरेचा सांगून घ्यावा लागतो. उद्या टपरीवाल्यानं हे उलटं करायचं ठरवलं आणि त्याची पाटी वर्षभर दारात लावली, तर त्याचा काय दोष? बदलही शहाणपणाचा होता. सगळं एकदम पाठवण्यात अर्धवट काम जायचं, जगभर लोकांचे घोटाळे व्हायचे. ते त्यांनी थांबवलं, आणि सांगून सवरून थांबवलं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी एका दुपारी पाचही कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती घातली. नवं काही आलं की ते आधी माझ्या हातून लागलं पाहिजे, ही माझी खाज. ती रोजची सूचना यायची बंद झाली. आम्हाला बरंच वाटलं.

माणिकनं ‘दुरुस्ती’ प्रतीत खोडव्याची चूक सुधारली. मग कुठल्याशा तक्त्याचं शीर्षक बदलायला तो ‘हंगाम’ प्रतीत गेला. सहा वाजले, रिवाजाप्रमाणे ‘पाठव’ म्हणाला. मशीननं पाठवलं. शीर्षक गेलं, दुरुस्ती त्याच्या कॉम्प्युटरवरच राहिली. पुढं त्या प्रतीत जायचं त्याला कामच पडलं नाही. पडद्यावर कसलीही तक्रार नाही, सगळं हिरवंगार. तो डबा उचलून एसटीला गेला.

गाळप सुरू झालं आणि दहा-बारा दिवसांत बोंब उठली. निरवांगीचे बबनराव थेट आमच्या बारामतीच्या ऑफिसात आले. हातात तुरा आलेला अख्खा ऊस. जिन्यातून तो वर येईना, तर वाकवून आणला आणि माझ्या टेबलावर, कीबोर्डवर, आडवा टाकला. "ह्यो बघा तुमचा कॉम्प्युटर! सतरा महिन्यांची आडसाली लागण हुबी हाय माझी, तुरा आलाय, आतनं पोकळ पडायला लागली. आन् शेजारच्याचा खोडवा गेला बी. ह्ये यंत्र हाय का भानामती?" मी त्यांना पाणी दिलं. प्यायले आणि पुन्हा ओरडले. जाताना ऊस तिथंच सोडून गेले. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बघून तरी आठवंल."

इथवर सगळं निभावलं असतं. चूक झाली, सुधारली, माफी मागितली. पण पहिल्या आठवड्यात ज्यांचे खोडवे तुटले त्यांच्यात अंथुर्ण्याचे तात्या होते. आणि यादीचा प्रोग्रॅम ज्याच्या हातात तो माणिक, त्यांचा पुतण्या. लोकांना आणखी काय पाहिजे? दोन दिवसांत पारावर ठरून गेलं, माणिकनं भावकीचा ऊस पुढं घातला. खरी गंमत अशी की चिठ्ठी आली तेव्हा तात्या स्वतः कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन विचारून आले होते, "माझा नंबर एवढ्यात कसा?" तिथल्या क्लार्कनं सांगितलं, "कॉम्प्युटरनं काढलाय, तात्या." मग ते गप्प बसले. नंबर आला म्हणजे आला.

कारखान्याच्या शेतकी ऑफिसात बैठक झाली. शेतकी अधिकारी, दोन संचालक, बबनरावांसारखे दहा-पंधरा सभासद, मी आणि माणिक. तात्यांनाही बोलावलं होतं. ते दाराजवळच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. शेतकी अधिकाऱ्यांनी माणिकला विचारलं, "ही चूक तुला माहीत होती का?"

"व्हय. मीच शोधली."

"मग?"

"दुरुस्त केली आन् पाठवली. साहेबांना विचारा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आदल्या दिवशी मी सर्व्हर पालथा घातला होता. माणिकची दुरुस्ती तिथं नव्हती. त्याच दिवसाचं शीर्षक होतं, दुरुस्ती नव्हती. मला वाटलं, केलीच नसेल. घाईत विसरला असेल आणि आता अंगाशी आल्यावर रेटून बोलतोय. आणि हेही कबूल करतो, कुठंतरी असंही वाटलं की असेल, चुलत्याचा खोडवा असेल मनात. सात वर्षं ज्याच्याबरोबर जेवलो त्याच्याबद्दल असं वाटायला मला एक मिनिटही लागलं नाही.

मी म्हणालो, "सर्व्हरवर दुरुस्ती नाही."

तात्या उभे राहिले. "माणिक, खरं सांग."

"तात्या, म्या पाठवली व्हती."

तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "सायेब, तुमी शिकल्यालं मानूस. मला त्यातलं काय कळत न्हाय. तुमी सांगताल ते खरं."

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. ‘मी आणखी एकदा बघतो’ एवढं म्हणायला काय लागत होतं? पण समोर संचालक बसलेले, बबनराव दात खात बसलेले, आमच्या ऑफिसची अब्रू टांगणीला. मी म्हणालो, "मी कुणाला खोटं म्हणत नाही, तात्या. पण मशीनला भावकी नसते."

लोक हसले. वाक्य जमलं होतं. मला ते जमल्याचा आनंदसुद्धा झाला, अगदी पळभर. तात्यांनी टोपी घातली आणि बाहेर गेले. माणिकनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं आणि बैठक संपेपर्यंत वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिक ऑफिसात सगळ्यांच्या आधी आला होता. मी केबिनमध्ये शिरल्या शिरल्या माझ्यामागं आला. "साहेब, माझ्या कॉम्प्युटरवर हाय ती दुरुस्ती. पाठवूनबी ती सर्व्हरवर का गेली न्हाय, ते मला कळंना. तुमी येऊन बघा, दाखवतो."

मी म्हटलं, "आता काय दाखवतोस, माणिक? काल रात्री लिहून ठेवली असशील."

"तारीख हाय साहेब तिच्यावर."

"तारखा बदलता येतात. जा, काम कर."

माझ्या खुर्चीपासून त्याच्या टेबलापर्यंत आठ पावलं होती. नंतर मी मोजली. त्या दिवशी उठलो नाही. दुपारी त्यानं राजीनाम्याचा कागद माझ्या टेबलावर ठेवला, चार ओळींचा, आणि डबा घेऊन खाली उतरला. मी अडवलं नाही.

खोडव्याची चूक मीच बसून सुधारली, दोन तासांत. नवी यादी निघाली, बबनरावांची आडसाली तुटली. हंगामाच्या शेवटी कारखान्यानं ‘अडचणीच्या काळात तत्परतेनं’ वगैरे म्हणत मला शाल-श्रीफळ दिलं. ती शाल अजून कपाटात आहे. कुणी पांघरत नाही.

माणिक गेला त्याला दोन महिने झाले तेव्हा त्याच्या जागी नवा माणूस घ्यायचा ठरला. कॉम्प्युटर रिकामा करायला मी स्वतः बसलो. पुसायच्या आधी सवयीनं फेरफार बघितले. ‘दुरुस्ती’ प्रतीत सगळ्यात वर एक नोंद. तारीख मी कारखान्यात गेलो त्याच्या आदल्या दिवसाची. वेळ संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. नाव माणिकचं. खाली त्यानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, तो नेहमी तसंच लिहायचा: खोडवा तारीख मागच्या तोडीपासून धरली. साहेबांनी एकदा तपासावं.

त्याच्याच खुर्चीत बसून मी मग नव्या आवृत्तीची माहिती उघडली आणि पहिल्यांदा ती पूर्ण वाचली. दहा मिनिटं लागली. दुरुस्तीची ओळ बघितली, तर मी नंतर लिहिलेली आणि त्यानं लिहिलेली, दोन्ही जवळजवळ अक्षराला अक्षर सारख्या.

तारीख बदलता येते हे खरं. पण त्या कॉम्प्युटरवरच्या इतर दहा गोष्टी त्याच वेळेची साक्ष देत होत्या, आणि मला त्यांची गरजही नव्हती. ती ओळ वाचताच मला खरं कळलं होतं. ‘साहेबांनी एकदा तपासावं’ हे कुणी मागाहून खोटं लिहीत नसतं.

त्याच आठवड्यात कारखान्याबरोबरचा आमचा करार पुढच्या तीन वर्षांसाठी व्हायचा होता. मी मनाशी म्हटलं, करार होऊ दे, मग सांगू. करार झाला. मग म्हटलं, आता हंगाम चालू आहे, मधे नको. मग हंगाम संपला. बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जा आणि चारचौघांत सांगून या." मी म्हटलं, जातो. दर आठवड्याला त्या रस्त्यानं जात होतो आणि अंथुर्णं आलं की पेपर वाचायला लागत होतो. ज्या माणसानं साध्या सात-आठ ओळी वाचल्या नव्हत्या, तो आता जाहिरातींसकट अख्खा पेपर वाचायचा. अशी वर्षं गेली. कारण विचाराल तर एकच. खरं सांगायचं म्हणजे ‘माणिक चुकला नाही’ एवढं सांगून भागत नव्हतं. नवी आवृत्ती कुणी घातली, सूचना कुणी वाचली नाही, त्याच्या टेबलापर्यंत कोण गेलं नाही, हे सगळं सांगावं लागलं असतं. त्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मी होतो.

अधूनमधून खबर कानावर यायची. माणिकनं अंथुर्ण्यात उसाच्या रोपांची नर्सरी काढली, चांगली चालतेय. आणि दुसरी खबर, तात्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. बांधाला बांध, घराला घर लागून. पुतण्या समोरून आला की तात्या वाट बदलायचे. कुणी समजावायला गेलं तर म्हणायचे, "चोरी केली आसती तरी माफ केलं आसतं. मला न सांगता माझ्याच नावावर केली." माणिकनं त्यांना किती सांगितलं असेल! पण तात्यांना कॉम्प्युटरातलं काय दाखवणार? त्यांचा विश्वास शिकल्या माणसाच्या शब्दावर होता, आणि शिकलेला माणूस बोलून मोकळा झाला होता.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. कपाट आवरताना त्या नोंदीचा कागद सापडला, मी तेव्हाच छापून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो खिशात घालून अंथुर्ण्याला उतरलो.

नर्सरी रस्त्यालाच आहे. माणिक शेडनेटखाली ट्रेमधली रोपं बघत होता. केस पांढरे झालेले. मला ओळखायला वेळ लागला नाही. "या साहेब, बसा," म्हणाला आणि प्लास्टिकची खुर्ची पुसून पुढं केली. मी बसल्या बसल्या कागद त्याच्या हातात दिला आणि वाटेत पाठ करून आणलेलं सगळं एका दमात बोललो. सूचना मी वाचली नव्हती. आवृत्ती मी घातली. तू पाठवलं होतंस. मशीननं नेलं नाही. माझी चूक, तुझी नाही.

त्यानं कागद वाचला. स्वतःचीच ओळ बघून किंचित हसला.

"मला म्हाईत व्हतं ना साहेब, त्याच दिवशी. म्हनून तर बोलवत व्हतो तुमाला."

"तात्या कुठं आहेत? मी त्यांना सांगतो. गावासमोर सांगतो, पारावर."

"तात्या गेलं. चार वर्सं झाली."

तो शांतपणे कागदाची घडी घालत होता. मग त्यानं विचारलं, "तुमाला कवा कळलं ह्ये?"

मी ‘परवा’ म्हणू शकलो असतो. तसं म्हटलं असतं तर तो मला सोडून देणार होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कागदावर त्याची तारीख होती, माझी नव्हती.

"तू गेलास त्यानंतर दोन महिन्यांनी," मी म्हणालो.

त्यानं ट्रेमधलं एक वाळलेलं रोप उपटलं आणि बाजूला टाकलं.

"म्हंजी तात्या व्हतं तवा."

"होय."

"त्यानंतर तीन वर्सं व्हतं साहेब ते. शेवटाला दवाखान्यात व्हतं. मी रोज जायचो. भिताडाकडं त्वांड करून निजायचं."

मी माफ कर म्हणालो की नुसतंच तोंड हाललं, आता आठवत नाही. तो माझ्याकडं बघत नव्हता. रागावला असता, अंगावर धावून आला असता तर मला बरं वाटलं असतं. एवढ्यात घराकडून त्याची बायको डोक्यावरचा पदर सावरत आली. तिच्या हातात ताटली, ताटलीत दोन कप चहा. पाहुणा आला की घरात न सांगता चहा टाकला जातो, तसा टाकलेला.

माणिक तिला म्हणाला, "ऱ्हाऊ दे. साहेबास्नी घाई हाय."

मला कसलीच घाई नव्हती. मी ‘हो’ म्हणालो आणि उठलो.